टीव्हीवेडे वेबमास्तर

पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, हेडमास्तर हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की वेबसाइट सांभाळणारा ‘वेबमास्टर’ म्हटलं की आधी एखादा चष्मा लावून रजिस्टर सांभाळणारा पोक्त माणूसच आठवतो. शब्दाचं मूळही तिथलंच आहे. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने सुरुवातीच्या दिवसांत सर्व्हर चालवणाऱ्यांना सुचवलं होतं, की ईमेलच्या यंत्रणेत जसा ‘पोस्टमास्टर’ हा ठरलेला पत्ता असतो तसा ‘वेबमास्टर’ हा पत्ताही ठेवा. काही बिघडलं तर कुणाला कळवायचं हे वाचकाला कळेल. पण पुढच्या पाच-सहा वर्षांत ज्यांनी हे पद आपल्या पानाच्या तळाशी अभिमानाने लिहिलं, त्यांत शाळा-कॉलेजातली मुलं भरपूर होती. आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या पानांवर विषय एकच असायचा: टीव्हीवरची आपली लाडकी मालिका.

आज एखादा भाग संपतो न संपतो तोच मोबाइलवर त्याचा कीस पडायला लागतो. कुठल्या पात्राचं कुणाशी जमावं, मालिका कुठे घसरली, कोणता धागा लेखक विसरला, हे सगळं आपण अगदी सहज बोलतो. या बोलण्याची घडण त्या मुलांच्या पानांवर झाली, आणि वेब डिझाइनचे पहिले धडेही त्यांनी याच वेडापायी गिरवले. त्या पानांना ‘भडक’ म्हणून मोडीत काढायची पद्धत पडली आहे. ती मला अन्यायाची वाटते.

३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने वेबचं तंत्र सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझेइक हा ब्राउझर लिहिला. त्यात मजकुराच्या ओळींमध्येच चित्र दिसू लागलं आणि वेबचं रूप पालटलं. जानेवारी १९९४ मध्ये जस्टिन हॉल या एकोणीस वर्षांच्या कॉलेजकुमाराने स्वतःचं पान सुरू केलं. आवडलेले दुवे, स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टी, मनात येईल ते. वैयक्तिक वेबपानाचा इतिहास सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही.

पण कॉलेजचा सर्व्हर प्रत्येकाच्या हाताशी नव्हता. ती अडचण सोडवली जिओसिटीजने. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ च्या अखेरीस ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी वेबपानांसाठी फुकट जागा द्यायला सुरुवात केली. त्यांची कल्पना फार सुंदर होती. जागा द्यायची ती पेठांच्या हिशेबाने. विज्ञानकथांच्या वेड्यांसाठी ‘एरिया ५१’, संगणकवाल्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’, सिनेमाच्या चाहत्यांसाठी ‘हॉलिवूड’, टीव्हीसाठी चक्क ‘टेलिव्हिजन सिटी’. पेठेत जायचं, रिकामा घरक्रमांक शोधायचा आणि तिथे आपलं बिऱ्हाड मांडायचं. पत्त्यात पेठेचं नाव आणि पुढे चार आकडे. शेजारी कोण राहतं ते आकडा एकाने वाढवून बघता यायचं. वाड्यात, चाळीत वाढलेल्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगायला लागत नाही.

आता अशा एका घरात डोकावू. पाठीमागे काळं आकाश आणि चांदण्या, त्यावर पोपटी अक्षरं. वर मालिकेचं बोधचिन्ह गरगर फिरतंय. खाली ‘तुम्ही या पानाचे अमुकावे पाहुणे’ सांगणारा आकड्यांचा काउंटर, मग पाहुण्यांनी सही करायची वही. ‘हे पान नेटस्केपमध्ये ८०० बाय ६०० वर चांगलं दिसेल’ अशी सूचना; नेटस्केप हा तेव्हाचा ब्राउझर. आणि कोपऱ्यात पिवळ्या पाटीवर फावडं घेऊन खोदणारा काळा माणूस: काम चालू आहे.

या प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. त्या वेळचा मोडेम २८.८ केबीपीएसचा. सगळं सुरळीत असलं तरी सेकंदाला साडेतीन किलोबाइटच्या आसपास माल यायचा. म्हणजे ३६ केबीचा एक फोटो उतरायला दहा सेकंद. पूर्ण पडदाभर आकाशाचा फोटो लावायचा तर पाहुणा कंटाळून निघून जाणार. मग काय करायचं? चांदण्यांचा दोन-तीन केबीचा एक छोटा चौकोन घ्यायचा आणि ब्राउझरला सांगायचं, हाच फरशीसारखा बसवत जा. एका चौकोनात अख्खं आकाश. तेच फिरत्या चित्रांचं. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ साली आणलेल्या जिफ या प्रकारात रंग जास्तीत जास्त २५६, त्यामुळे फाइल हलकी. आणि नेटस्केपने ती चित्रं न थांबता फिरवायची सोय केल्यावर मुलांच्या हाती जणू फुकटचा सिनेमाच आला. ज्याला आपण भडकपणा म्हणतो तो पुष्कळदा असा काटकसरीचा संसार होता.

मांडणीचं दुखणं वेगळं. ‘हे डावीकडे, ते उजवीकडे’ असं सांगायला वेबच्या भाषेत सोयच नव्हती. १९९५ साली नेटस्केपने टेबल आणलं, ते खरं तर आकड्यांचे तक्ते दाखवायला. पोरांनी त्याच्या रेघा अदृश्य केल्या आणि चौकटींत पान बसवलं: एका चौकटीत मेन्यू, दुसरीत मजकूर, टेबलाच्या पोटात आणखी टेबल. जिथे मोकळी जागा हवी तिथे एका पिक्सेलचं पारदर्शक जिफ ठेवायचं आणि हवं तेवढं ताणायचं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण सगळं पान त्याच्यावर तोललेलं. नॉर्वेच्या होकोन व्हियूम ली याने सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी वेगळ्या नियमांत लिहायच्या पद्धतीची, कल्पना १९९४ सालीच मांडली होती आणि डिसेंबर १९९६ मध्ये ती प्रमाण म्हणून मान्यही झाली. पण ब्राउझर ती धड पाळत नव्हते, म्हणून पुढची पाच-सहा वर्षं टेबलांवरच निभावलं. ऑक्टोबर २००२ मध्ये वायर्ड न्यूज या बातम्यांच्या साइटने आपलं सगळं रूप सीएसएसवर बांधलं, तेव्हा कुठे मोठ्या साइट्सना धीर आला.

हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ होतं. आवडलेलं पान उघडायचं, त्याचा कोड बघायचा, उचलायचा आणि मोडून बघायचा. २००० च्या सुमारास पुण्यात टिळक रोडजवळच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी हेच करत असे. ‘एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांची पानं फ्लॉपीवर घ्यायची आणि घरच्या, इंटरनेट नसलेल्या संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून बसायचं. कुठल्या अनोळखी मुलाने अमेरिकेत रात्र जागून लिहिलेलं टेबल माझ्यासमोर उघडं पडलेलं असायचं, आणि त्यातली एक चौकट काढली की सगळं पान कसं कोसळतं हे मी स्वतः बघायचो. वर्गात शिकलेलं बरंच विसरलो, ते टेबल नाही विसरलो.

या पानांना एकमेकांशी बांधणारी कल्पनाही एका मुलाचीच. ऑरेगनमधल्या सेज वाइल याने १९९५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, वेबरिंग सुरू केलं. एकाच विषयाच्या पानांची साखळी करायची, प्रत्येकाच्या तळाशी ‘मागचं’ आणि ‘पुढचं’ अशी बटणं. दाबत गेलं की फिरून पहिल्या पानावर. गूगल जन्मायच्या आधी आवडत्या मालिकेची पानं सापडायची ती बऱ्याचदा अशी, एकाचा हात धरून दुसऱ्याकडे.

आता टीव्ही. सप्टेंबर १९९३ मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘एक्स-फाइल्स’ सुरू झाली, म्हणजे वेब आणि ही मालिका जवळजवळ बरोबरीने वाढली. तिच्यातल्या मोल्डर आणि स्कली या नायक-नायिकेने एकत्र यावं की नाही, यावर चाहत्यांत दोन तट पडले. यावं म्हणणारे ते ‘रिलेशनशिपर’, त्याचंच पुढे ‘शिपर’ झालं. आज जगभर कुठल्याही मालिकेच्या चर्चेत वापरला जाणारा हा शब्द या भांडणातून रुजला. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचा कर्ता जे. मायकेल स्ट्रझिन्स्की तर थेट चाहत्यांशी इंटरनेटवर बोलायचा. तिच्या ‘लर्कर्स गाइड’ या साइटवर प्रत्येक भागाचं वेगळं पान असे: कथानक, मागचे संदर्भ, न सुटलेले प्रश्न, आणि त्या भागाबद्दल स्वतः स्ट्रझिन्स्की काय म्हणाला ते. आजचे मालिकांचे विकी याच साच्यातले आहेत. या जवळिकीचा एक फटकाही बसला. एका चाहत्याने जाहीरपणे मांडलेली कल्पना स्ट्रझिन्स्कीच्या डोक्यातल्या एका भागाशी जुळली, आणि त्या चाहत्याकडून लेखी मोकळीक मिळेपर्यंत तो भाग बाजूला ठेवावा लागला.

वाहिन्यांना हे प्रेम पेलवलं नाही. १९९६ मध्ये फॉक्सची ‘मिलेनियम’ ही मालिका सुरू होण्याच्या सुमारास एका विद्यार्थ्याने तिच्यावर पान काढलं, तर कंपनीच्या वकिलांनी ते उतरवायला लावलं. चित्रं आणि आवाज कंपनीच्या मालकीचे, हे कायद्याने खरंच. पण मालिकेची फुकट जाहिरात करणाऱ्या पोराला वकिलाचं पत्र पाठवणं मला आजही क्रूर वाटतं.

मग चाहत्यांनी चित्रं सोडली आणि शब्द धरले. जॉन हाइन याने १९९७ च्या अखेरीस एक साइट काढली, कोणती मालिका नेमकी कधी बिघडली याची. ‘हॅपी डेज’ या मालिकेत एक पात्र पाण्यावरून घसरत शार्कच्या वरून उडी मारतं, त्यावरून ‘जंप द शार्क’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत पसरला तो या साइटमुळे. पुढच्या वर्षी ‘डॉसन्स क्रीक’ या मालिकेच्या झडतीतून सुरू झालेली साइट ‘टेलिव्हिजन विदाउट पिटी’ या नावाने गाजली. तासाभराच्या भागाचं पानंच्या पानं भरतील असं वर्णन तिथे असे. २००२ मध्ये ‘द वेस्ट विंग’ या मालिकेने एका भागात असा प्रसंग घातला, की व्हाइट हाउसमधला अधिकारी चाहत्यांच्या साइटवर वाद घालायला जातो आणि तोंडघशी पडतो. मालिकेचा लेखक ॲरन सॉर्किन स्वतः आधी ‘टेलिव्हिजन विदाउट पिटी’वर बोलून पोळला होता. त्याआधीच, १९९८ च्या सुरुवातीला, ईमेलमधून जगभर फिरलेलं, संगणकावर रचलेलं नाचरं बाळ ‘ॲली मॅकबील’ या मालिकेत नाचून गेलं होतं. टीव्हीवरून इंटरनेटवर येणारी वाट आता दोन्ही बाजूंनी वाहू लागली होती.

आपल्याकडे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल खातं, ज्यात नुसती अक्षरं दिसत, चित्र नाहीच. मराठी वेबमास्तरापुढे त्याहून मोठा डोंगर होता तो लिपीचा. जगातल्या लिप्यांना एकच संकेत ठरवून देणाऱ्या १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण घरच्या संगणकात ती विंडोज २००० आणि ‘मंगल’ फाँट येईपर्यंत पोचली नाही. तोवर शिवाजी, शुषा, किरण असे वेगवेगळे फाँट, प्रत्येकाची अक्षरांची जुळणी निराळी. पानाच्या माथ्यावर ‘आधी हा फाँट उतरवून घ्या’ अशी ओळ, आणि न घेणाऱ्याला मराठीच्या जागी रोमन अक्षरं-चिन्हांची खिचडी. अशा काळात परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ साली ‘मायबोली’ ही मराठी साइट उभी केली, याचं मोल त्या फाँटांशी झगडलेल्यालाच कळेल. आपल्या मुलांनी मालिकांवर मराठीत पानं फारशी का काढली नाहीत, याचं बरंचसं उत्तर मला या फाँटांतच दिसतं.

जानेवारी १९९९ मध्ये याहूने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला जिओसिटीज घेण्याचा करार केला. त्या उन्हाळ्यात नवे नियम आले. त्यांतून रहिवाशांच्या मजकुरावर कंपनी हक्क सांगते आहे असं दिसताच लोक चिडले, अनेकांनी घरं सोडली, आणि याहूला शब्द मागे घ्यावे लागले. पण नव्या घरांना पेठेतला क्रमांक मिळणं बंद झालं, नुसतं सदस्यनाव राहिलं. शेजार संपला तो तिथे. २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतलं जिओसिटीज बंद झालं.

त्याआधीच्या काही महिन्यांत जेसन स्कॉट आणि बंद पडणाऱ्या साइट्स जपणाऱ्या त्याच्या आर्काइव्ह टीमच्या लोकांनी रात्रंदिवस ती पानं उतरवून घेतली. वर्षभराने त्यांनी सगळ्यांसाठी खुला केलेला साठा सहाशे जीबीहून मोठा होता. ओल्या लियालिना आणि ड्रागन एस्पेनशीड हे दोघे कलावंत त्यातलं एकेक पान जुन्या ब्राउझरमध्ये दिसायचं तसं पुन्हा उभं करून दाखवतात. स्कॉटने त्या घरांच्या कोपऱ्यांतून ‘काम चालू आहे’ च्या शेकडो पाट्या गोळा केल्या आणि एकाच पानावर लावल्या. ते पान उघडलं की पिवळ्या पाटीवरची ती सगळी माणसं एकदम खोदायला लागतात.