रोमन मंदिरांचे फोटो: समोरच्या चौकटीमागचा इतिहास

रोमन मंदिराचा फोटो बहुतेक प्रवासी समोरून, मधोमध उभं राहून काढतात. ती जागा निम्मी बांधणाऱ्यांनीच ठरवून ठेवली आहे. ग्रीक मंदिराला चारही बाजूंनी पायऱ्या असतात, त्यामुळे ते कोपऱ्यातूनही खुलून दिसतं. रोमन मंदिर उंच चौथऱ्यावर, पायऱ्या फक्त पुढे, खोल खांबमंडपही पुढेच, आणि मागचे खांब बरेचदा भिंतीत अर्धे बसवलेले. फ्रान्समध्ये नीम शहरातल्या मेझाँ कारे या रोमन मंदिरात ही सगळी रचना आजही शाबूत दिसते.

१८३९ मध्ये पॅरिसला डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याचं तंत्र, जाहीर झाला आणि तीनच वर्षांत जिरो द प्राँजे हा फ्रेंच माणूस कॅमेरा घेऊन रोमला पोचला. तिथून तो अथेन्स, कैरो, जेरुसलेम करत लेबनॉनमधल्या बालबेकपर्यंत गेला. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे तो विषयाप्रमाणे उभे-आडवे कापून वापरी. खांबासाठी अरुंद उभी पट्टी. रोममधलं टायबर नदीकाठचं गोल मंदिर त्याने १८४२ मध्ये टिपलं. तेव्हा लोक त्याला व्हेस्टाचं मंदिर म्हणत. आज ते हर्क्युलीसचं मानलं जातं. हे शेकडो पत्रे त्याच्या हयातीत कुणी फारसे पाहिले नाहीत. फोटो काढणं हाच अभ्यास मानणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे काचेच्या निगेटिव्ह आल्या आणि कागदावर हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. रोममध्ये रॉबर्ट मॅकफर्सन, जेम्स अँडरसन असे परदेशी छायाचित्रकार पर्यटकांना फोटो विकू लागले. मॅकफर्सनच्या काचेला प्रकाश घ्यायला कित्येक मिनिटं लागत, म्हणून चालती माणसं उमटतच नसत. ओस पडलेल्या प्राचीन रोमची जी प्रतिमा आपल्या डोक्यात बसली आहे, तिला हा तांत्रिक अडथळाही कारणीभूत आहे. शिवाय मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्सची पाटी वर सरकवता येई, त्यामुळे उंच खांबही सरळ राहत. मोबाइल वर तिरका धरला की तेच खांब मागे कलतात.

जॉन हेन्री पार्कर या इंग्रज अभ्यासकाची वाट वेगळी होती. विटांच्या जोडणीवरून भिंतीचं वय ठरवता येतं असं त्याचं म्हणणं. १८६० आणि ७० च्या दशकांत त्याने छायाचित्रकार नेमून रोमचे ३,००० हून अधिक फोटो काढवून घेतले. त्यात भिंतींचे, इमारतींच्या पायाच्या बांधकामाचे, खणलेल्या चरांचे कितीतरी रुक्ष फोटो आहेत. मला मात्र सुंदर संध्याप्रकाशापेक्षा तेच मोलाचे वाटतात, कारण पुढच्या उत्खननांनी फोरमचं, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचं, रूप पार बदललं. १८५० च्या आसपासच्या फोटोंत तिथे झाडांची रांग दिसते, जमीनही आजच्यापेक्षा बरीच वर. तिथल्या सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या मंदिरात पुढे चर्च झालं. त्याचं दार आज पायऱ्यांच्या कितीतरी वर अधांतरी दिसतं, ते जमिनीची पातळी खाली गेल्यामुळेच.

जुन्या फोटोवरून काळ ओळखण्याचं, रोममधल्याच पँथिऑन या घुमटाच्या मंदिराचं उदाहरण तर आणखी ठळक. दर्शनी भागावर आधीच्या मंदिराचा बांधणारा अग्रिप्पा याचं नाव कोरलेलं असलं तरी आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झाली. तिच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आहे. १७ व्या शतकात तिच्या पुढच्या भागावर दोन घंटामनोरे चढवले गेले. ते १८८३ मध्ये उतरवले. त्यामुळे मनोऱ्यांसह पँथिऑनचा जुना फोटो हाती लागला, तर प्रत कितीही नंतर विकली गेलेली असो, मूळ निगेटिव्ह त्याआधीची असते.