खोडावरचा आकडा: पोर्तुगालमधल्या बुचाच्या सहलीमागचा इतिहास

बाटलीच्या गुडदीला आपण बूच म्हणतो, तो शब्द पाव, बटाटा, पगार यांच्याच गलबतातून आला. पोर्तुगीजमध्ये 'बुशा' म्हणजे बोळा. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र बाटलीतले बूच म्हणजे 'रोल्या', ते ज्या सालीचे होते ती 'कोर्तिसा' आणि ज्या झाडावर ती येते ते 'सोब्रैरु'. हे ओक कुळातले झाड. आपल्या रस्त्याकडेचे, लांब दांड्याच्या सुगंधी फुलांचे बुचाचे झाड याचे कोणी नव्हे. त्याची साल बुचाची हलकी बदली म्हणून वापरत, एवढाच संबंध.

दक्षिणेकडच्या आल्गार्व प्रांतात सांव ब्राश द आल्पोर्तेल हे गाव आहे. तिथली एका दिवसाची सहल सहसा रान, कारखाना आणि डोंगरातली वस्ती अशी फिरते. रानात पहिल्यांदा नजरेत भरतो तो खोडावर पांढऱ्या रंगाने काढलेला एकच आकडा. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. '3' म्हणजे 2023. पुढची सोलणी 2032 च्या आत नाही. दोन सोलण्यांत किमान 9 वर्षे हवीत, असा कायदा आहे.

हे गणित फार संथ आहे. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर खोडाचा घेर 70 सेंटिमीटर भरला की पहिली साल काढता येते. त्याला साधारण 25 वर्षे जातात. ही पहिली साल खडबडीत, भेगाळ, बाटलीला निरुपयोगी. 9 वर्षांनी येणारी दुसरीही तशीच. दोन्हींचा भुगा करून लाद्या आणि उष्णतारोधक फळ्या बनतात. बुचाजोगी गुळगुळीत साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडते तेव्हा. लावणारा आजा असेल तर खरी कमाई नातवाची. म्हणून इथे जमीन, वारसा, लग्ने, भांडणे सगळ्याला या झाडांचा हिशेब चिकटलेला असतो.

बाटलीचे बूच होण्याआधी शतकानुशतके ही साल घरात होती. मधमाश्यांचे पोळे सालीच्या उभ्या नळकांड्यात, त्याला 'कोर्तिसु' म्हणत. शेतमजुराचा जेवणाचा डबा सालीचा. दुपारपर्यंत आतले गरम राही. झऱ्यावर पाणी प्यायला सालीचाच पेला. 17 व्या-18 व्या शतकांत काचेच्या बाटल्या मजबूत आणि एकसारख्या होऊ लागल्या, वाइन बाटलीतच मुरवण्याची पद्धत पडली आणि बाटली आडवी ठेवली तरी न गळणाऱ्या गुडदीची गरज भासली. ती सालीने भागवली. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1665 मध्ये हीच साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिच्या कप्प्यांना 'सेल' (पेशी) म्हटले. एका घन सेंटिमीटरमध्ये असे सुमारे 4 कोटी बंद, हवेने भरलेले कप्पे असतात. दाबले की आकसतात, सोडले की फुगतात.

सांव ब्राशचे दिवस 19 व्या शतकात पालटले. डोंगरातली साल खेचरांवरून गावात येई, निवडून, उकळून, बांधून बाहेर जाई. त्या पैशाच्या जोरावर 1914 मध्ये गाव फारो तालुक्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र तालुक्याचे ठाणे झाले. एका बूच-व्यापाऱ्याच्या हवेलीत आज पोशाखांचे संग्रहालय आहे. ते चुकवू नये. पण रेल्वे गावाला वळसा घालून गेली. उद्योग हळूहळू सरकला आणि आज बुचांचे मुख्य केंद्र उत्तरेला, पोर्तो शहराजवळच्या सांता मारिया दा फैरा परिसरात आहे. पोर्ट वाइनची गोदामे त्याच बाजूला, त्यामुळे हे होणारच होते.

सोलणी आजही कुऱ्हाडीनेच होते. तिच्या दांड्याचे टोक पाचरीसारखे तासलेले असते. जोडीने काम चालते. आधी सालीतल्या सर्वांत खोल भेगेवर उभा घाव घालतात. घावाचा आवाज पोकळ आला तर साल सुटायला तयार. कोरडा, ठक्क आला तर झाड सोडून द्यायचे, कारण ओढलेली साल फाटते आणि आतली जिवंत साल तिच्यासोबत उचकटते. मग पाते तिरके फिरवून साल मोकळी करतात, वर आडवी रेघ मारतात आणि दांड्याची पाचर घालून सालीचा अख्खा पत्रा उपटतात. जितका मोठा पत्रा, तितका भाव. आतल्या सालीला कुऱ्हाड लागली की तिथे कायमचा व्रण, पुढची साल वाकडी. म्हणून दर सोलणीला नवखा माणूस अनुभवी माणसासोबतच असतो. पाऊस पडला किंवा कोरडा गरम वारा सुटला की काम बंद. किती उंच सोलायचे तेही ठरलेले: पहिल्या वेळी घेराच्या दुप्पट, दुसऱ्या वेळी अडीचपट, पुढे तिप्पट.

ताजे सोललेले खोड पिवळसर गुलाबी दिसते, मग लालसर, मग तपकिरी, शेवटी काळपट.

कारखान्यात पत्रे सहा महिने थप्पीला ठेवतात, पण मातीवर नाही. मग उकळत्या पाण्यात किमान तासभर. त्याने साल स्वच्छ होते, फुगते आणि सपाट बसते. बुचे खोडाच्या उभ्या दिशेने छिद्रकाने, म्हणजे पोकळ नळीच्या पात्याने, कापतात, कारण सालीतल्या बारीक नळ्या आडव्या असतात. उलट कापले तर त्या थेट वाइनपर्यंत उघडतील. दुसरा धोका बुरशीचा. क्लोरीनचा अंश आणि बुरशी एकत्र आली की ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचे संयुग तयार होते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हे कारण 1981 मध्ये उमगले. त्यानंतर क्लोरीनने धुणे मागे पडले.

वस्तीवर अंजीर, बदाम, कॅरोबच्या गोड शेंगा आणि 'मेद्रोन्यु' या लाल फळाची दारू दिसेल. तांब्याच्या भट्टीत ती गाळतात; गोव्यातली काजूची भट्टी पाहिलेल्याला वेगळे काही समजवावे लागत नाही.

या डोंगरांवर जुलै 2012 मध्ये मोठा वणवा लागला. जाड साल झाडाला आगीपासून वाचवते, पण नुकतीच सोललेली झाडे उघडी असतात, तीच आधी मरतात. नवे लावले तरी उपयोगी बूच 2050 च्या पलीकडे.

सोलणी पाहायची असेल तर मेअखेर ते ऑगस्ट आणि तेही सकाळी. इतर महिन्यांत वाटाड्या ओंडक्यावर प्रात्यक्षिक दाखवतो. ठक्क आणि पोकळ आवाजातला फरक मात्र त्यात कळत नाही.