गायक खराच नाही? आधी फाइल बघा

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा अभंग फिरू लागला की मागोमाग कुणीतरी लिहितं, 'हा गायकच नाही, एआयनं बनवलंय.' पुरावे दोनच: आवाज फार गुळगुळीत आहे आणि गायक नेटवर सापडत नाही. दोन्ही लंगडे.

गुळगुळीतपणा बहुधा मिक्सिंगमधून येतो. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की नॉइज गेट तो बंद करतो, त्यात श्वासही कापला जातो. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर जास्त ताणलं तर मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात. हाडामांसाच्या गायकांवर स्टुडिओत हे रोजच होतं.

तपासायचंच असेल तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फॉरवर्ड झालेली व्हॉइस नोट नको. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात फाइल उघडून ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, निवडा. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंप्रतेचा. १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं एका रेषेत कापलेलं दिसलं की लोक लगेच 'सापडलं!' म्हणतात. पण १२८ केबीपीएसची, म्हणजे दाबून लहान केलेली, एमपी३ साधारण तिथेच कापली जाते आणि एफएमवरून टेप केलेलं गाणं १५ किलोहर्ट्झलाच संपतं. ही रेषा फाइलचा प्रवास सांगते, गायकाबद्दल काही नाही. तानपुऱ्याचे आघात घड्याळासारखे समान अंतरावर पडत असतील तरी तेच. आजकाल बऱ्याच बैठकींत तानपुरा मोबाइलमधलाच असतो.

'एआय ओळखणारी' ॲप्स? हिशेब करून पाहा. समजा हजार गाण्यांत २० बनावट आहेत आणि ॲप दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. २० पैकी १९ पकडली जातील, पण ९८० खऱ्यांपैकी ४९ वरही शिक्का बसेल. म्हणजे ६८ 'बनावट' गाण्यांतली ४९, जवळपास ७२ टक्के, खऱ्या माणसांची.

नेटवर न सापडण्याची गोष्ट आपल्या सीमाभागात तर आणखीच फसवी. इथला गायक अभंगही म्हणतो आणि कन्नड भक्तिरचना असलेली वचनंही. एका पत्रिकेवर नाव मराठीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये. गावाचं नाव २०१४ पासून अधिकृतरीत्या बेळगावी, जुन्या कॅसेटवर बेळगाव. एकाच लिपीत शोधलं तर हाती काही लागत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठांना जग कुमार गंधर्व म्हणून ओळखतं. क्षयानं त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालं आणि गाण्यात छोटे, झपकन संपणारे स्वरसमूह आले. सरासरी श्वासाच्या मापानं कुणी त्यांची ध्वनिमुद्रणं तपासली असती तर 'तुकडे जोडलेत' असाच शेरा मारला असता.

म्हणून स्पेक्ट्रोग्रामपेक्षा कार्यक्रमाची पत्रिका जास्त कामाची. तबल्याला कोण, पेटीला कोण, हे तिच्यावर छापलेलं असतं. साथीदाराला विचारा: गायकाची पट्टी, म्हणजे पेटीवरचा त्याचा 'सा', कुठली, काळी एक की पांढरी चार? मग त्याच गायकाचं देवळातलं, मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग मागा. त्यात खोकला, माइकची शिट्टी, मंडपातला घुमारा सगळं येतं. स्टुडिओतला आवाज त्याच्याशेजारी लावून पट्टी, उच्चार आणि तान सोडण्याची जागा ताडून पाहा.