ग्लुटामेट ग्राही आणि चेतासंधींची लवचिकता

ग्लुटामेट ग्राही : ग्लुटामेट या अमिनो आम्लाला प्रतिसाद देणारी, चेतापेशींच्या पटलात बसलेली प्रथिने. मेंदू व मेरुरज्जूतील जलद उत्तेजक संदेशवहन मुख्यतः यांच्यामार्फत चालते. दोन चेतापेशींमधील संधीचे बळ वापरानुसार वाढते किंवा घटते. या गुणाला लवचिकता म्हणतात आणि तिची सुरुवात बहुतेक ठिकाणी याच ग्राहींपासून होते.

ग्लुटामेट हा संदेशवाहक आहे, हे मान्य व्हायला बराच काळ गेला. जपानमध्ये ताकाशी हायाशी यांनी 1950च्या दशकात कुत्र्यांच्या मेंदूच्या बाह्यकात ते टोचून आकडी आणून दाखवली. दशकाच्या अखेरीस कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांना मेरुरज्जूतील चेतापेशी त्याने उत्तेजित होताना दिसल्या. तरीही शंका राहिली. जे आम्ल प्रत्येक पेशीच्या चयापचयात आहे आणि जवळजवळ प्रत्येक चेतापेशीला चेतवते, ते नेमका निरोप कसे पोचवणार, हा आक्षेप त्या काळी वाजवीच होता. ठरावीक ग्राहीच अडवणारी निवडक रोधक द्रव्ये हाती आल्यावर, साधारण 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, तो मागे पडला.

ग्राहींची नावे त्यांना चेतवणाऱ्या द्रव्यांवरून पडली आणि त्यांतली दोन द्रव्ये जंतांच्या औषधांतून आली. कायनिक आम्ल जपानमध्ये जंतावर वापरल्या जाणाऱ्या एका लाल समुद्री शेवाळातले. क्विस्क्वालिक आम्ल मधुमालतीच्या बियांतले. या बिया चिनी वैद्यकात त्याच कामी येत. बेळगावच्या टिळकवाडीत फाटकांवर चढलेली, संध्याकाळी पांढरी उमलून पुढे लाल होणारी वेल ती हीच. क्विस्क्वालेट एकाहून अधिक प्रकारच्या ग्राहींवर काम करते असे दिसल्यावर त्या गटाला अँपा या कृत्रिम द्रव्याचे नाव मिळाले. तिसऱ्या गटाचे नाव वॉटकिन्स यांनी तयार केलेल्या एनएमडीए या द्रव्यावरून आहे. अँपा, कायनेट व एनएमडीए हे तिन्ही गट चार उपघटकांनी बनलेले आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांना पटलातून जाऊ देणाऱ्या वाटा, आहेत. 1989 पासून जनुके हाती येऊ लागली आणि ही औषधशास्त्रीय विभागणी ढोबळमानाने खरी ठरली. डेल्टा हा चौथा गट क्रमसाधर्म्यावरून, म्हणजे प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जुळतो म्हणून, यांत धरतात. एरवी त्याची वागणूक निराळी आहे. आयनमार्ग नसलेले, पेशीतील इतर प्रथिनांमार्फत सावकाश काम करणारे आठ चयापचयी ग्राही वेगळे.

लवचिकतेच्या दृष्टीने एनएमडीए ग्राही सर्वांत महत्त्वाचा. विश्रांत अवस्थेत त्याचा मार्ग मॅग्नेशियम आयनाने बुजलेला असतो, हे 1984 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. ग्लुटामेट येऊन चिकटले, सोबत ग्लायसीन किंवा डी-सेरीन हे अमिनो आम्ल असले, आणि त्याच वेळी अँपा ग्राहींमुळे पटलाचा विद्युतदाब पुरेसा बदललेला असला, तरच मॅग्नेशियम हटते व कॅल्शियम आत शिरते. म्हणजे अलीकडची (संदेश पाठवणारी) पेशी बोलते आहे आणि पलीकडची (तो घेणारी) जागी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. एकत्र चेतणाऱ्या पेशींमधील संधी बळकट होते, या मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये तर्काने मांडलेल्या नियमाला येथे रेणूंचा आधार मिळतो.

या नियमाशी जुळणारी घटना मात्र आधीच सापडली होती. ओस्लो येथे तेर्ये लोमो यांना ती 1966 च्या सुमारास दिसली. टिम ब्लिस यांच्यासह सविस्तर निबंध 1973 मध्ये आला. भूल दिलेल्या 18 पैकी 15 सशांत, हिपोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाकडे जाणाऱ्या तंतूंना जलद विद्युतझटके दिल्यावर प्रतिसाद अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत वाढलेला राहिला. हेच दीर्घकालीन बलवर्धन. एनएमडीए रोधकाने ते थांबते, हे कॉलिंगरिज व सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दाखवले. 1986 मध्ये रिचर्ड मॉरिस यांच्या गटाला त्याच रोधकाने उंदरांचे जागा लक्षात ठेवणे बिघडताना दिसले. ब्लिस, कॉलिंगरिज व मॉरिस यांना 2016 चा ब्रेन प्राइझ मिळाला.

वाढलेले बळ संधीच्या कोणत्या बाजूला साठते, यावर मात्र दोन दशके कडाक्याचा वाद झाला. एका पक्षाच्या मते अलीकडची पेशी अधिक ग्लुटामेट सोडू लागते. दुसऱ्याच्या मते पलीकडे अँपा ग्राही वाढतात. झटक्यांनंतर संधी निकामी जाण्याचे, म्हणजे संदेश येऊनही पलीकडे प्रतिसाद न उमटण्याचे, प्रमाण घटते, हा पहिल्या पक्षाचा मुख्य पुरावा. 1995 मध्ये दोन गटांनी ‘मूक’ संधी दाखवल्या. त्यांत एनएमडीए ग्राही असतात, पण कामाचे अँपा ग्राही नसतात. बलवर्धनानंतर ते तेथे दिसू लागतात. त्यामुळे निकामी जाणे घटल्याचा अर्थ दुसऱ्या पक्षाच्या बाजूनेही लावता आला. हिपोकॅम्पसच्या सीए1 भागापुरते दुसऱ्या पक्षाचे पारडे जड मानणे रास्त वाटते. हिपोकॅम्पसच्याच सीए3 भागातील मॉसी नावाच्या तंतूंच्या संधींत मात्र बलवर्धन एनएमडीए ग्राहींविना, मुख्यतः अलीकडच्या बाजूने होते. तेव्हा सर्व संधींना एकच उत्तर शोधणे हीच मूळची गफलत असावी. कॅल्शियमने जागे होणारे कॅमके-2 हे विकर अँपा ग्राहींना संधीत आणण्यात प्रमुख आहे. स्मृती वर्षानुवर्षे कशी टिकते याचे श्रेय मध्यंतरी पीकेएम-झीटा या विकराला दिले गेले. 2013 मध्ये ते नसलेल्या उंदरांतही बलवर्धन आढळल्याने तो दावा सावधपणेच घ्यावा.

संथ झटक्यांनी बळ घटते. कॅल्शियमची वाढ माफक व सावकाश असली की अँपा ग्राही संधीतून काढून घेतले जातात.

एनएमडीए ग्राहीतील 2-बी उपघटकाची जागा वाढीच्या वयात बऱ्याच अंशी 2-ए घेतो. लहान वयातली जादा लवचिकता ओसरण्याशी हा बदल जोडला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे घरात मराठी बोलणारे मूल गल्लीत सहज कन्नड उचलते, त्याचे कारण हाच बदल असे सांगण्याचा मोह होतो. पण पुरावा मुख्यतः प्राण्यांच्या दृष्टिबाह्यकातला आहे आणि तो भाषेपर्यंत ताणणे घाईचे ठरेल. गोबी मंचुरियनमधल्या अजिनोमोटोची, म्हणजे ग्लुटामेटच्या क्षाराची, भीतीही अशीच ताणलेली. 1969 मध्ये ओल्नी यांनी नवजात उंदरांना मोठ्या मात्रेत ते टोचले होते. माणसाने जेवणातून घेतलेले ग्लुटामेट बहुतांशी आतड्यातच वापरले जाते आणि रक्तातून मेंदूत फारसे उतरत नाही. मेंदूतलेच ग्लुटामेट बेसुमार साठल्यास, उदाहरणार्थ पक्षाघातात, चेतापेशी मरतात, हे मात्र खरे.

भुलीचे केटामीन आणि स्मृतिभ्रंशावरचे मेमँटीन एनएमडीए ग्राही अडवतात. फेफऱ्यावरचे पेरॅम्पॅनेल अँपा ग्राही. 2007 मध्ये एनएमडीए ग्राहींविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह ओळखला गेला. त्यात बहुधा तरुण मुलींना अचानक भ्रम, असंबद्ध बोलणे व झटके सुरू होतात. ‘बाहेरचे लागले’ म्हणून यात दिवस दवडू नयेत. निदान पाठीच्या कण्यातून घेतलेल्या द्रवात प्रतिपिंडे शोधून होते. अंडाशयात गाठ आहे का तेही पाहतात आणि वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.