मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना जास्त तास का?

मोबाइलवरच्या सपाट नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली तर ती सौदी, इजिप्त, लिबिया, मोरोक्को करत अटलांटिकवर जाते आणि आपल्याला वाटतं हाच जवळचा रस्ता. पण त्या रेघेने गेलं तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतात! आता पृथ्वीचा गोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, तो आपोआप वर सरकतो, अफगाणिस्तानवरून सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, मग आइसलँडजवळून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला घासून खाली न्यूयॉर्कला. हे अंतर साधारण 12,500 किलोमीटर, म्हणजे तब्बल 1,700 किलोमीटर वाचले. गोल वस्तू कागदावर सपाट केली की उत्तरेकडचा भाग उगाच फुगतो, म्हणून छोटा रस्ता आपल्याला वळसा वाटतो. प्रत्येक वर्गात नकाशाशेजारी गोल असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आता वेळ. विमान ताशी 900 च्या आसपास उडतं, म्हणजे 14 तास व्हायला हवेत, पण जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना त्याहून कमी. बऱ्याच जणांना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. तसं नाहीये. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये चेंडू वर उडवला तर तो हातातच येतो ना, तसंच हवा पृथ्वीसोबत फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

खरी करामत जेट स्ट्रीमची. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, म्हणजे बरोबर जिथे विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, हिवाळ्यात तर कधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे. जाताना तो वारा तोंडावर येतो, येताना पाठीवर. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्याही आत पोचलं होतं! त्यामुळे पायलट नेहमी सगळ्यात छोटा रस्ता घेतच नाहीत, येताना थोडं लांबून गेलं तरी चालतं पण वारा पाठीशी पाहिजे.

आणि आकाशालाही सरहद्दी असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, 2022 पासून अमेरिकन कंपन्या रशियावरून जात नाहीत. मग वळसा, जास्त इंधन, जास्त तास.

तिकिटावरच्या वेळा बघून मात्र फसू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून जानेवारीत मुंबईहून रात्री 2 ला निघून साडेपंधरा तास उडालं तरी तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे 7 वाजलेले असतात.