सिंदीचं बंदर आणि मुंबईचं कर्ज

सिंदी (रेल्वे) हे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं गाव. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचं स्टेशन, भोवती कपाशी, तूर, सोयाबीन. समुद्र इथून जवळपास आठशे किलोमीटर. २०१७ मध्ये या गावालगत ‘ड्राय पोर्ट’चं, म्हणजे कोरड्या जमिनीवरच्या बंदराचं, भूमिपूजन झालं, तेव्हा गावोगावच्या पारावर थट्टेला ऊत आला होता. आमच्याकडे हिंदीचा शेजार, त्यामुळे ‘बंदर’ म्हटलं की माणूस आधी झाडाकडे पाहतो. ‘बंदर आहेतच की ढीगभर, हरभरा ठेवत नाहीत,’ हे त्या वेळी मी चार गावांत तरी ऐकलं असेल.

थट्टा सोडली तरी एक प्रश्न उरत होता. या प्रकल्पामागे न्हावा-शेव्याचं जेएनपीटी, म्हणजे जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट, होतं. खाडीकाठच्या बंदरानं आठशे किलोमीटर आत येऊन पैसा का ओतावा? बंदर कर्जावर उभं राहतं, कर्ज मालावरच्या आकारातून, म्हणजे शुल्कातून, फिटतं आणि माल मुंबईत पिकत नाही, असं त्याचं थोडक्यात उत्तर आहे. २०२१ मध्ये याच सिंदीसाठी राष्ट्रीय महामार्गांच्या लॉजिस्टिक कंपनीशी ‘मल्टी-मोडल लॉजिस्टिक पार्क’चा नवा करार झाला. पण व्यवहाराची ही रीत २०१७ ची नाही. तिला दीडशे वर्षं झाली, आणि तिची सुरुवात आपल्याच कापसातून झाली आहे.

१८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. तोवर हिंदुस्थानी कापसाला लिव्हरपूलचा व्यापारी नाक मुरडायचा. आता तोच कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. वऱ्हाडच्या कापसाला तिथल्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. मूळ शब्द उमरावती, म्हणजे आपली अमरावती. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तर त्याहून मोठं. हा सगळा माल बैलांच्या पाठीवर नि बंड्यांवर निघे, कारण रेल्वे अजून वाटेतच होती. थळ घाट खुला झाला १८६५ मध्ये आणि गाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये. युद्ध १८६५ लाच संपलेलं. तेजी ओसरल्यावर रेल्वे आली, असा आपला मुहूर्त!

तेजीचा पैसा मुंबईत साचला आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत शिरला. बॅक बे कंपनीचा शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावानं विकला जात होता. कापसाचे नि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद हे त्या काळचं नाव. अमेरिकेतलं युद्ध थांबल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि त्याबरोबर शेअर, बँका, सावकार, सगळेच. हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. त्यातला बंदराचा धागा मात्र सहसा सुटतो.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी भराव टाकून धक्के आणि गुदामं बांधत होती. मंदीनंतर तिचे हाल झाले आणि सरकारपुढे पेच पडला. बंदराचा काठ एका खासगी कंपनीच्या हाती राहिला तर ती मागेल तो आकार जहाजांना द्यावा लागेल. म्हणून १८७० च्या सुमाराला सरकारनं कंपनीची मालमत्ताच विकत घेतली, आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापून ती त्याच्याकडे सोपवली. फुकट नव्हे. किंमत ट्रस्टच्या डोक्यावर कर्ज म्हणून आली. म्हणजे मुंबईचं सार्वजनिक बंदर जन्मलं तेच ऋणकरी म्हणून, आणि ते ऋण एका फसलेल्या कापूसतेजीचं होतं.

आता या कर्जाची यंत्रणा पाहू, कारण गोम तिच्यातच आहे. ट्रस्टकडे शेतसारा नव्हता, कर बसवायचा अधिकार नव्हता. त्याची मिळकत दोनच गोष्टींची: जहाजाकडून घेतलेला आकार आणि मालावर टनामागे किंवा नगामागे घेतलेला आकार, शिवाय भरावाच्या जमिनीचं भाडं. या मिळकतीच्या भरवशावर ट्रस्ट कर्जरोखे काढी. रोखे घेणाऱ्याला ठरल्या दरानं व्याज, आणि मुद्दल फेडण्यासाठी दर वर्षी काही रक्कम वेगळी काढून ठेवायची, जिला सिंकिंग फंड म्हणतात. हे रोखे किती भरवशाचे मानले जात? १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स ॲक्टनं विश्वस्तांना ज्या कागदांत पैसा गुंतवायची मुभा दिली, त्यांत सरकारी रोख्यांबरोबर इलाख्याच्या शहरांतल्या पोर्ट ट्रस्टचे रोखेही होते. अज्ञान वारसांच्या इस्टेटींचा पैसाही त्यांत सुखानं ठेवता येई. आमच्या आजोबांच्या पिढीत घर गहाण टाकून काढलेल्या सावकारी कर्जाचा व्याजदर ज्यांनी ऐकला असेल त्यांना कळेल, की ‘भरवसा’ ही किती महाग वस्तू आहे आणि ती कुणाला किती स्वस्तात मिळते.

भरवसा होता मालाच्या ओघाचा. वऱ्हाडातून दिवाळीनंतर गाठी निघणार, म्हणजे निघणारच. सरकारनं त्याची तजवीजही केली. रेल्वे कंपनीला भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती, मिळकत कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या खजिन्यातून भरायची. खामगावचा कापूस मुख्य मार्गावर आणायला जलंबपासून फाटा टाकला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! अमरावतीलाही बडनेऱ्याहून असाच फाटा. पुढे विसाव्या शतकात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मार्गाची गाडी आली, आपली शकुंतला. तिचं भांडवल विलायती कंपनीचं. रूळ आत जातील तितका धक्क्यावर माल अधिक, आणि माल अधिक तितकं बंदराचं कर्ज स्वस्त.

मग गोद्या आल्या. १८७५ मध्ये ससून डॉक, तेही खासगी, आणि चारच वर्षांत ट्रस्टनं विकत घेतलेलं. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. ते खणताना तळाशी बुडालेलं जंगल सापडलं, खैराचे शेकडो बुंधे, काही उभेच्या उभे. बंदराच्या कोरड्या इतिहासात एवढीच काय ती ओली गोष्ट. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे हलवण्यासाठी तिथे भराव टाकला गेला. लोकल गाडीतल्या ‘कॉटन ग्रीन’ या स्टेशनाचं नाव त्या व्यवहारातून राहिलेलं. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हिंगणघाट आठवत असेल कोण जाणे.

ट्रस्टच्या मंडळावर सरकारी अधिकारी होते, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या चेंबरचे प्रतिनिधी होते. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांसाठी जागा नव्हती, आणि त्या काळात ती कुणी मागितलीही नसावी. पण आकार भरत होतं कोण? कागदावर निर्यातदार. निर्यातदार मात्र लिव्हरपूलचा भाव धरून उलटा हिशेब करी. त्यातून जहाजाचं भाडं वजा, धक्क्याचा आकार वजा, रेल्वे वजा, जिनिंग-प्रेसिंग वजा, अडत वजा, आणि उरेल तो भाव शेतकऱ्याच्या हाती. हा हिशेब आजही तसाच चालतो. एका जिनातले जुने मुनीम मला म्हणाले होते, ‘भाऊ, भाव शेतातून निघत नाही, तो समुद्रातून मागं-मागं येते.’

न्यायानं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंड्यांच्या काळात कापूस वाटेत भिजे, धुळीनं माखे, महिने लागत. रेल्वे आणि गोदी यांनी तो खर्च निर्विवाद उतरवला. कर्ज काढून केलेली सुधारणा वाया गेली असं कुणी म्हणू नये. तो उतरलेला खर्च कुणाच्या खिशात गेला, हाच काय तो वाद. आजच्या मापात बघा. रुईचा सौदा खंडीत होतो, खंडी ३५६ किलोची. कापसातून शंभराला साधारण ३४ किलो रुई धरली तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा बंदरातल्या सुधारणेनं खंडीमागे शंभर रुपये वाचले, तर तो लाभ पूर्ण शेतकऱ्यापर्यंत आला तरी क्विंटलमागे साडेनऊ रुपये. पूर्ण येतो का, हे गावात खरेदीदार किती आहेत यावर. खेडा खरेदीवाला एकच असेल तर साडेनऊचा चहासुद्धा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठी बंदरं केंद्राच्या यादीत गेली, छोटी समवर्ती यादीत. १९६३ मध्ये मेजर पोर्ट ट्रस्ट्स ॲक्ट झाला, मुंबई त्याच्या कक्षेत आली १९७५ मध्ये. कर्ज काढायचं तर दिल्लीची मंजुरी हवी, आणि पुष्कळदा कर्ज देणारंही केंद्र सरकारच. याच काळात, १९७२ पासून, महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती, म्हणजे कापूस घ्यायचा तो सरकारनंच. शेतकऱ्याचा नि बंदराचा थेट धागाच तुटला. भाव समुद्रातून येण्याऐवजी मंत्रालयातून येऊ लागला. त्या योजनेचा तोटा राज्याच्या तिजोरीवर, पण ती वेगळी कथा.

मुंबईच्या गोद्या कंटेनरला अपुऱ्या, म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा. जागतिक बँकेच्या कर्जाचा त्यात वाटा होता आणि १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. १९९७ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल तिथं देण्याचा करार झाला, तीस वर्षांसाठी. तिथून कर्जाची विभागणी बदलली. क्रेन, यार्ड यांचं कर्ज खासगी चालकाचं. चॅनल खोल करणं, गाळ काढणं, रस्ता, रेल्वे यांचं कर्ज बंदराचं, आणि त्याची फेड चालकाकडून मिळणाऱ्या हिश्श्यातून. त्याच वर्षी दर ठरवायला ‘टॅम्प’ हे प्राधिकरण नेमलं गेलं. २०११-१२ च्या अर्थसंकल्पात बंदरांना ५,००० कोटी रुपयांचे करमुक्त रोखे काढायची मुभा मिळाली. पोर्ट ट्रस्टचा जुना कर्जरोखा नव्या कपड्यांत परतला म्हणा ना.

सगळी कर्जं फळली असंही नाही. मुंबईच्या धक्क्याबाहेर खोल पाण्यात कंटेनर टर्मिनल करण्याचा करार २००७ मध्ये झाला. कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवल्या. टर्मिनल ठरल्याप्रमाणे चाललंच नाही. शहराच्या पोटातून इतके कंटेनर बाहेर काढायचे कसे, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. त्या धक्क्यांवर पुढे मोटारगाड्यांची जहाजं लागू लागली. ज्या गोदीच्या रोख्यांवर कधीकाळी विश्वस्त डोळे मिटून पैसा लावत, ती आज मातीनं भरलेली आहे. खैराचे बुंधे गेले, आणि गोदीही.

२०२१ चा मेजर पोर्ट ऑथॉरिटीज ॲक्ट हा या कथेतला मोठा वळसा, जरी त्यावर आपल्याकडे चार ओळीही छापून आल्या नाहीत. बंदरांच्या मंडळांना देशातल्या-परदेशातल्या वित्तसंस्थांकडून कर्ज काढता येतं. भांडवली राखीव निधीच्या ५० टक्क्यांपलीकडे गेलं तरच केंद्राची पूर्वमंजुरी. टॅम्प गेलं, दर मंडळच ठरवतं. कर्ज काढणारा हात आणि ते फेडण्यासाठी दर लावणारा हात एकच झाला. १८७३ च्या ट्रस्टचीही जवळपास हीच ठेवण होती.

आणि आता वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्टला पालघरात पायाभरणी. खर्च ७६,२०० कोटींच्या वर. कंपनीत जेएनपीएचा, म्हणजे पूर्वीच्या जेएनपीटीचा, ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा. टर्मिनलं खासगी भागीदारीत. नैसर्गिक खोली वीस मीटरच्या घरात, म्हणून मोठी जहाजं थेट लागतील हा हिशेब. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये या बंदराला नकार दिला होता, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं अटींसह होकार दिला. सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा म्हणजे राज्याचा वाटा, आणि राज्य म्हटलं की त्यात घाटंजीचा माणूसही आला. समृद्धी महामार्गाचं कर्ज त्याच्या वाट्याला आधीच आहे.

हे सारं गृहीत धरून चालतं की माल इकडून तिकडे जाणार. सोयाबीनच्या ढेपेचं, रुईच्या गाठींचं तसं होतंही; नागपूरच्या कंटेनर डेपोतून वर्षानुवर्षं माल न्हावा-शेव्याला जातो. एका चाळीस फुटी कंटेनरात दीडशेच्या आसपास गाठी बसतात. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क स्थगित केलं आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूट ऐन वेचणीच्या हंगामात. अशा वेळी मुनीमजींचा हिशेब उलटा फिरतो. परदेशी रुई गिरणीपर्यंत आणायला जो बंदरखर्च लागतो, तेवढाच आपल्या कापसाला आडोसा. बंदर जितकं खोल, जितकं स्वस्त, तितका आडोसा पातळ. सुधारणेसाठी काढलेल्या कर्जाच्या प्रस्तावात हा रकाना मी अजून कुठं पाहिलेला नाही. बंदराला तो लागतही नाही म्हणा. कंटेनर ब्राझीलहून आत येवो की हिंगणघाटहून बाहेर जावो, धक्क्यावर आकार लागतो, आणि व्याजाचा हप्ता त्यातून निघतो.