टोइंग मिरर: कॅरॅव्हॅन ओढताना लावायचे जादा आरसे

टोइंग मिरर किंवा एक्स्टेन्शन मिरर म्हणजे गाडीच्या मूळ साइड मिररवर क्लॅम्पने बसवायचे, बाहेरच्या बाजूला लांब निघणारे जादा आरसे. मागे कॅरॅव्हॅन जोडली की लावायचे आणि सोडली की काढायचे. आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं की इंजिनसकटची, आत झोपायची सोय असलेली व्हॅन डोळ्यासमोर येते म्हणून आधीच सांगतो, ही नोंद ओढायच्या कॅरॅव्हॅनबद्दल आहे, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, चाकांवरची खोली, जी आपल्या रोजच्या कारच्या टोबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या हुकाला, अडकवून फिरायला नेतात. ब्रिटनमध्ये हा छंद फार जुना आहे, तिथला कॅरॅव्हॅन क्लब १९०७ सालचा, आणि नियमही तिथे तपशिलात आहेत, त्यामुळे इथली माहिती ब्रिटनची आहे.

गरज का पडते ते साधं आहे. कार साधारण १.८ मीटर रुंद आणि कॅरॅव्हॅन बहुतेक वेळा २.२ ते २.३ मीटर, काही तर २.४५ मीटरपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीसपंचवीस सेंटीमीटर किंवा जास्तच भिंत बाहेर आलेली असते. कारच्या मूळ आरशात मग रस्ता दिसत नाही, कॅरॅव्हॅनचा पुढचा पांढरा पत्रा दिसतो, बास. आतला मधला आरसा तर विसरूनच जायचा. काही लोक म्हणतात की कॅरॅव्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या खिडकीतून आरपार दिसतं की, पण त्यातून फक्त सरळ मागची गाडी कशीबशी दिसते, बाजूने येणारा मोटरसायकलवाला अजिबात दिसत नाही आणि धोका त्याचाच असतो. ऊसाच्या सीझनला कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टरच्या मागे डबल ट्रॉली भरून चाललेली असते आणि आपण मागून कितीही हॉर्न वाजवला तरी ट्रॅक्टरवाल्याला आपण आहोत हेच कळत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला हा विषय वेगळा समजावून सांगायला नको. ओढणारं वाहन अरुंद आणि मागचं ओझं रुंद, प्रश्न तोच.

कायदा असा आहे की कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर कारच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर योग्य टोइंग मिरर लावायलाच हवेत. नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. ब्रिटनमध्ये नवीन लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द होतं, त्यामुळे भारतातून तिकडे जाऊन नुकतीच टेस्ट पास झालेल्या माणसाने हे हलक्यात घेऊ नये, अर्धा कोटा एका आरशावरून संपतो. शिवाय डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवरच ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी टेस्ट राहिली नाही, म्हणजे कुणी शिकवलेलं नसताना थेट रस्त्यावर कॅरॅव्हॅन घेऊन उतरणारेही त्यात आले. किती दिसलं पाहिजे याचंही माप आहे: ड्रायव्हरच्या मागे २० मीटरवर, कॅरॅव्हॅनच्या कडेपासून बाहेर ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना. आणि आरसा कॅरॅव्हॅनच्या रुंदीच्या बाहेर २५० मिलिमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. आरशावर 'ई' अक्षर आणि आकडा असलेली मान्यतेची खूण असावी लागते, विकत घेताना आधी ती बघायची. स्वस्तातला बिनखुणेचा आरसा घेऊ नका, खरंच सांगतो.

'माझी एसयूव्ही मोठी आहे, मला नाही लागत' हे वाक्य बऱ्याचदा ऐकू येतं. मोठ्या एसयूव्हीचेसुद्धा मूळ आरसे नेहमीच्या कॅरॅव्हॅनला पुरत नाहीत. घरासमोर कॅरॅव्हॅन जोडा, ड्रायव्हर सीटवर बसा आणि कुणाला तरी मागच्या कोपऱ्यापासून दोन पावलं बाहेर उभं करा, दिसतो का माणूस ते बघा, वाद संपतो. घडी होणाऱ्या छोट्या कॅम्पर ट्रेलरसारखं काही कारपेक्षा अरुंद असेल तर मात्र खरंच गरज नसते.

बसवणं हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आधी मूळ आरशाचं कव्हर पुसून कोरडं करायचं, कारण क्लॅम्पच्या रबराखाली वाळूचा एक कण राहिला तरी पेंटवर ओरखडा येतो आणि रबर घसरतं ते वेगळंच. मग क्लॅम्पचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की दांडा तिरका बसतो. मूळ आरशात इंडिकेटरची पट्टी असेल तर क्लॅम्प तिच्यावर येऊ द्यायचा नाही. कार आणि कॅरॅव्हॅन एका सरळ रेषेत उभी असतानाच आरसे लावायचे, वाकड्या उभ्या गाडीत केलेली सेटिंग रस्त्यावर चुकीचीच निघते. ड्रायव्हर त्याच्या नेहमीच्या सीट पोझिशनला बसणार आणि दुसरा माणूस बाहेरून आरसा हलवणार, एकट्याने करायला गेलात तर दहा वेळा चढउतर करावी लागते आणि शेवटी कंटाळून 'चालेल' म्हणून निघता. नीट बसलेल्या आरशात आतल्या कडेला कॅरॅव्हॅनची बाजू बोटभर दिसते, बाकी सगळा रस्ता, आणि क्षितिज साधारण मध्यावर. ती बोटभर कड हवीच, ती नसेल तर आपण बघतोय ती गाडी आपल्या किती जवळ आहे ते ठरवायला काही आधारच उरत नाही.

मी पहिल्यांदा ओढली तेव्हा डावा क्लॅम्प हाताने आवळून 'झालं' म्हणून निघालो आणि मोटरवेवर (तिकडचा एक्स्प्रेसवे) अर्ध्या तासात त्या आरशात फक्त ढग दिसायला लागले. पुढच्या सर्व्हिसेसपर्यंत, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यापर्यंत, डावी बाजू आंधळी, लेन बदलायची हिंमत नाही, तळहाताला घाम. तेव्हापासून निघाल्यावर पहिल्या पंधरावीस मिनिटांत एकदा थांबून दोन्ही दांडे हलवून बघायचे हा माझा नेम आहे, वाऱ्याने आणि कंपनाने स्क्रू सैल होतातच.

काच दोन प्रकारची मिळते, सपाट आणि बहिर्वक्र म्हणजे बाहेर फुगीर. सपाट काचेत अंतर जसं आहे तसं दिसतं पण दृश्य अरुंद, जरा हललं की सेटिंग गेली. बहिर्वक्र काचेत जास्त रस्ता मावतो पण मागची गाडी लहान आणि लांब वाटते. आपल्या गाड्यांच्या आरशावर 'ऑब्जेक्ट्स इन मिरर आर क्लोजर दॅन दे अपिअर' लिहिलेलं असतं ना, तेच. ब्रिटनमध्येही स्टेअरिंग उजवीकडेच असल्यामुळे डावा आरसा डोळ्यांपासून लांब पडतो, म्हणून डावीकडे बहिर्वक्र आणि उजवीकडे सपाट अशी जोडी काही जण लावतात, मलाही ती पटते.

चालवताना या आरशांचं खरं काम मोटरवेवर कळतं. तिथे कॅरॅव्हॅनला ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायला मनाई. बरेच जण पन्नासपंचावन्ननेच चालवतात आणि ते शहाणपणाचं आहे, पण मग ५६ मैलांवर वेग अडवणारा लिमिटर असलेले ट्रक आणि त्याहून वेगाने येणाऱ्या प्रवासी बस सतत ओव्हरटेक करत राहतात. मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या पुढ्यातली हवा कॅरॅव्हॅनला आधी बाजूला ढकलते आणि मग ट्रककडे ओढते. ट्रक येताना आरशात आधी दिसला असेल तर तुम्ही स्टेअरिंग शांतपणे धरून, लेनमध्ये जरा डावीकडे राहून तयार असता, आणि दिसला नसेल तर तो झोका अचानक बसतो, माणूस दचकून स्टेअरिंग झटकतो, आणि तिथून कॅरॅव्हॅन सापासारखी वळवळायला सुरुवात होऊ शकते. तशी झालीच तर जोरात ब्रेक मारायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

डावीकडे वळताना कॅरॅव्हॅनची चाकं कारपेक्षा आतून जातात, फुटपाथच्या कडेला सायकलवाला असेल तर तो याच आरशात दिसणार. कॅम्पसाइटवर रिव्हर्स घेताना मागे उभ्या माणसाला आधीच सांगून ठेवा की तुला माझा आरसा दिसत असेल तरच मला तू दिसतोस, आरशातून गायब झालास की मी थांबणार. इंग्लंडमधल्या डेव्हन-कॉर्नवॉलच्या अरुंद, दोन्हीकडे झुडपांच्या भिंती असलेल्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की पहिली टक्कर आरशांचीच होते, तिथे सरळ थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं.

अजून एक गोष्ट, लॉक केल्यावर आरसे आपोआप मिटणाऱ्या गाड्या हल्ली बऱ्याच आहेत, आणि जादा आरसा लावलेला असताना तो मिटायला गेला की आतल्या मोटरवर ताण येतो, म्हणून आरसे लावायच्या आधी मेन्यूमध्ये जाऊन ती सोय बंद करायची. मुक्कामावर पोचून कॅरॅव्हॅन सोडली की दुधाची पिशवी आणायला गावात निघायच्या आधी आरसे उतरवायचे, नुसत्या कारला ते लावून फिरायचं नाही, कारण तेव्हा ते कारच्या बाहेर विनाकारण पसरलेले असतात आणि पायी चालणाऱ्याच्या अंगाला लागू शकतात. काच खाली न ठेवता दोन्ही आरसे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून डिकीत एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायचे.